चंद्रकळेचे काठ

कुंभारगावच्या काठावरून होडी सुटली तेव्हा सूर्य नुकताच पाण्यावर आला होता. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, उजनीच्या फुगवट्यावर धुक्याचा विरळ थर. अर्ध्या बुडालेल्या एका वाळक्या बाभळीवर वीसेक पक्षी बसले होते. ऊन त्यांच्या मागून येत असल्यामुळे सगळे कोळशाने काढल्यासारखे दिसत होते. नावाडी दादांनी वल्हे रोखले आणि म्हणाले, "ताई, त्ये समदे पाणकावळेच हायत. फ्लेमिंगो म्होरं हायत."

"दादा, जरा थांबू या. वळसा घालून ऊन पाठीशी घेता येईल का?"

त्यांनी काही न बोलता होडी वळवली. बाभळीला अर्धी फेरी होईपर्यंत दहा मिनिटे गेली असतील. तेवढ्यात त्या काळ्या गर्दीचे तीन गट पडले. अगदी वरच्या फांदीवर तीन-चार थोराड पक्षी होते. त्यांच्या चोचीच्या मुळाशी पिवळी कातडी, गालावर पांढरट पट्टा आणि एकाच्या मांडीवर विणीच्या काळात उमटणारा पांढरा ठिपका होता. हे मोठे पाणकावळे. मधल्या फांद्यांवर सडपातळ मानेचे, लांब आणि टोकाला आकडा असलेल्या चोचीचे पक्षी होते. त्यांचे डोळे निळसर हिरवे, काचेच्या मण्यांसारखे, आणि पाठीवर प्रत्येक पिसाला काळी किनार असल्यामुळे पाठ खवल्यांची वाटत होती. हे भारतीय पाणकावळे. खाली पाण्यालगत उरलेले सगळे छोटे पाणकावळे. आखूड मान, बोथट वाटावी इतकी आखूड चोच, उठावदार कपाळ आणि शरीराच्या मानाने लांब शेपूट. मोठा पाणकावळा बदकापेक्षाही थोराड असतो, तर छोटा जेमतेम दीड फुटाचा. मागून ऊन असताना हा फरकही नीट कळला नव्हता.

तीन दिवसांच्या या प्रवासात काळे पक्षी बघायचे एवढेच मी ठरवले होते. उजनीच्या पाण्यापासून आंबोलीच्या जंगलापर्यंत आणि तिथून घाट उतरून सावंतवाडीपर्यंत. रंगीत पक्ष्यांच्या मागे मी पुष्कळ वर्षे घालवली आहेत. स्वर्गीय नर्तकाच्या एका झलकेसाठी अर्धा दिवस झाडाखाली बसले आहे. त्या काळात तारेवरच्या, बांधावरच्या, गाईच्या पाठीवरच्या काळ्या पक्ष्यांकडे ओझरते बघून पुढे गेले, याची चुटपुट मनात होती. आईची काळी चंद्रकळा अजून माझ्या कपाटात आहे. संक्रांतीला ती बाहेर काढली की दोन गोष्टी नव्याने दिसतात. एक म्हणजे तिचा काठ, कारण काळ्यावर काठ जितका उठतो तितका दुसऱ्या कुठल्याच रंगावर उठत नाही. दुसरी म्हणजे घडी उलगडताना रेशमावरून सरकणारी झाक. काळे पक्षीही असेच बघायचे असतात. चोच, डोळा, शेपटीचे टोक, खांद्यावरचा डाग हे त्यांचे काठ. झाक मात्र ऊन, पक्षी आणि बघणारा नेमके कुठे आहेत यावर ठरते.

पाणकावळ्यांपैकी दोघे पंख पसरून बसले होते. सगळ्यांना माहीत असलेली ही मुद्रा. पाण्यात बुडी मारणाऱ्या पक्ष्याची पिसे भिजावीतच कशी, असा प्रश्न पडतो. बदकाच्या पिसांवरून पाणी ओघळून जाते, कारण पिसांमध्ये हवा अडकलेली असते. तीच हवा बदकाला तरंगत ठेवते. पाणकावळ्याला मात्र माशामागे खोल जायचे असते. त्याच्या पिसाची बाहेरची कड पाणी शोषते आणि आतला भाग कोरडा राहतो. त्यामुळे अंगात अडकलेली हवा कमी होऊन बुडी सोपी होते, आणि कातडीपर्यंत गारठाही पोहोचत नाही. वर आल्यावर पंख वाळवणे ही त्या सोयीची किंमत. ऊन चढले तसे त्या पसरलेल्या पंखांवर आधी तपकिरी आणि मग हिरवट झाक आली.

होडी पुढे गेली तशी पाण्यावर शेकडो काळे ठिपके दिसू लागले. हे वारकरी. त्यांना चांदवा असेही म्हणतात, आणि दोन्ही नावे कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्याची आठवण देतात. या पक्ष्याला ओळखायला एवढा टिळा पुरतो. पलीकडच्या उथळ चिखलात मोर शराटींचा मोठा थवा चरत होता. शराटी म्हणजे खाली वाकलेल्या लांब चोचीचे पक्षी. मोर शराटी लांबून काळी दिसते. होडी चाळीस-पन्नास फुटांवर गेली तेव्हा मान विटकरी आणि पंख शेवाळी दिसले. थवा एकदम वळला आणि त्या पंखांवरून जांभळी, तांबूस, पुन्हा हिरवी अशी लाट गेली. पैठणीतल्या धूपछाव पोताला उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे घेतात, म्हणून पदर हलला की रंग पालटतो. इथे धागे दोन रंगांचे नव्हते, तरी रंग पालटत होता. मोर हे नाव या पक्ष्याला कुणी दिले असेल, त्याने तो नक्की जवळून पाहिला असणार.

तिची चुलत बहीण काळी शराटी नंतर दिसली, तीही पाण्यात नव्हे, काठावरच्या नांगरलेल्या रानात. काळ्या शराटीच्या डोक्यावर मागच्या बाजूला लाल चामखिळींची टोपी असते आणि खांद्याजवळ पांढरा डाग. ती जोडीने किंवा चार-सहांच्या टोळीने कोरड्या शेतातही किडे वेचते, तर मोर शराटी थव्याने ओल धरून राहते. पक्षी कुठे उभा आहे, हेही निम्मी ओळख सांगून जाते.

परतताना दादांनी शब्द पाळला आणि फ्लेमिंगोही दाखवले. गुलाबी थवा उडाला तेव्हा माझे लक्ष त्यांच्या पंखांच्या मागच्या कडेवर गेले. ती संपूर्ण काळी होती. करकोचे, कुरव अशा किती तरी पांढऱ्या पक्ष्यांच्या पंखांची टोके काळी असतात, त्यामागे कारण आहे. काळा रंग देणारे मेलॅनिन पिसाला कणखर करते. वारा, धूळ आणि घर्षण जिथे जास्त बसते, तिथे मेलॅनिन असलेले पीस कमी झिजते. पिसे कुरतडणाऱ्या जिवाणूंनाही ते सहज दाद देत नाही. दादा म्हणाले, "इतकी वरसं रोज बघतोय, पर ह्ये काळं कधी ध्यानात आलं न्हाई." त्यानंतर काठाला लागेपर्यंत तेच मला एकेक पाणकावळा दाखवून "ह्यो मोठा, ह्यो बारका" असे सांगत होते.

भिगवणहून बारामती, फलटण करत साताऱ्याकडे जाणारा रस्ता उसाच्या आणि ज्वारीच्या रानातून जातो. या रस्त्याचा पक्षी एकच, कोतवाल. दर दहा-पंधरा खांबांमागे तारेवर एक, माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली शेपटी खाली सोडून बसलेला. कापणी चालू असलेल्या एका शेताजवळ गाडी थांबवली. मजुरांच्या पायांनी उडणारे नाकतोडे टिपायला तीन कोतवाल हजर होते. तारेवरून सूर मारायचा, हवेतच किडा पकडायचा आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसायचे.

कोतवालाचे नाव त्याच्या कामावरून पडले आहे. विणीच्या दिवसांत तो घरट्याजवळ आलेल्या कावळ्याला, घारीला, शिकऱ्यालाही हुसकावतो. बुलबुल, होले, हळद्या असे गरीब पक्षी त्याच्याच झाडावर किंवा शेजारच्या झाडावर घरटे बांधतात, म्हणजे पहारा आयता मिळतो. सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक 1941 साली आले. त्यात पक्ष्याचा आकार चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा अशा ओळखीच्या पक्ष्यांशी तुलना करून दिला आहे. ती मापे अजूनही सर्वांत उपयोगी पडतात. कोतवाल अंगाने बुलबुलाएवढा आणि शेपटी मात्र लांबलचक. दुर्बिणीतून बघितले तर तोंडाच्या कोपऱ्यात, चोच जिथे संपते तिथे, तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसतो. त्याचा हा काठ हातभर अंतरावरून बघण्याइतका बारीक आहे, पण पुढे आंबोलीत तोच सर्वांत कामी आला. एक तरुण पक्षी पोटावर पांढऱ्या खवल्यांची नक्षी घेऊन बसला होता. नवशिके लोक त्याला पांढऱ्या पोटाचा कोतवाल समजतात. त्या वेगळ्या जातीचे पोट मात्र खालून स्वच्छ, सलग पांढरे असते, खवल्याखवल्यांचे नसते.

कोल्हापूरला मुक्काम केला. पहाटे लॉजच्या मागच्या आंब्यावरून कोकीळ सुरू झाला. गाणारा हा नर, कोकिळा गात नाही. काळ्या रंगाचा मान याचाच. लाल डोळा, फिकट हिरवी चोच आणि अंगावर निळसर तकाकी. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. तिची अंडी कावळ्याच्या घरट्यात जातात. नर कावळ्याच्या पुढे पुढे करून त्याला भडकावतो, कावळा त्याच्या पाठीमागे धावतो, आणि तेवढ्यात मादी आपले काम उरकते. लांब शेपटी आणि हिरवी चोच बघितली की काळा कोकीळ आणि काळा कावळा यांत घोळ होत नाही. त्या सकाळी दोघे एकाच आंब्यावर होते. राखी मानेचा गावकावळा फांदीवरून फांदीवर उडत होता, कोकीळ पानांच्या आत दडून गात होता.

निपाणी, आजरा करत दुपारी आंबोली गाठली. सह्याद्रीच्या माथ्यावर समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवरचे हे गाव महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. इथल्याच हिरण्यकेशी नदीच्या उगमाच्या कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशाला 2020 मध्ये नदीचेच नाव मिळाले, आणि त्याच्या अधिवासाला 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा. फेब्रुवारीत मात्र धबधबे आटलेले असतात आणि पांगारा फुललेला असतो. पाने गळून गेलेल्या फांद्यांवर नुसती लाल फुले. माझ्या मते काळे पक्षी बघायला यापेक्षा चांगली पार्श्वभूमी नाही.

गावाबाहेरच्या अशाच एका पांगाऱ्याखाली मी अडीच तास बसले. कोतवालांची चार घराणी त्या झाडावर आणि आजूबाजूला येऊन गेली, आणि प्रत्येकाने स्वतःची ओळख वेगळ्या ठिकाणी ठेवली होती. पहिला उंच शेंड्यावर बसलेला, काळा कमी आणि पाटीसारखा राखाडी जास्त. डोळा लालभडक, तोंडाच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका नाही. हा राखी कोतवाल. हिमालयातून हिवाळ्यापुरता आलेला, लवकरच परत जाणारा. दुसरा जंगलाच्या कडेला हवेत माशा टिपत होता. साध्या कोतवालापेक्षा लहान, शेपटीची खाच उथळ, आणि अंगावर जणू ब्राँझचे कण शिंपडलेले. हा ब्राँझ कोतवाल. हा किडे टिपत सारखा वळत होता आणि प्रत्येक वळणाला त्याच्या छातीवर ठिणग्या उठत होत्या. तिसरा थेट फुलांवर आला, मध प्यायला. डोक्यावरून केसांसारखे बारीक तंतू मागे गेलेले आणि शेपटीच्या कडा शेवटी वर मुरडलेल्या, होडीच्या नाळीसारख्या. हिंदीत याला केशराज म्हणतात. सावर आणि पांगारा फुलले की त्याला शोधायला जावे लागत नाही, तो झाडावर हजर असतो.

चौथा आधी ऐकू आला. सर्पगरुडाची शीळ, मग लगेच कसलीशी किटकिट, मग एक घोगरी हाक. नजर वर गेली तेव्हा झाडांमधून काळा पक्षी जात होता आणि त्याच्या मागे दोन मोठे भुंगे पाठलाग करत असावेत असे दिसत होते. ते भुंगे म्हणजे त्याचीच शेपटी. पल्लेदार कोतवालाच्या शेपटीची बाहेरची दोन पिसे लांब वाढतात, मधे नुसता काडीसारखा कणा राहतो आणि टोकाला पिळदार पाते येते. पिसे गळण्याच्या दिवसांत ती पाती नसली तरी कपाळावरचा तुरा त्याला ओळखू देतो. आवाजाची नक्कल तो उगाच करत नाही. श्रीलंकेतल्या सिंहराज जंगलात एबेन गुडेल आणि सरथ कोटागामा यांनी या पक्ष्यावर काम केले. 2006 मध्ये त्यांनी मांडले की तो मिश्र थव्यातल्या पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करतो आणि त्या आवाजाने ते पक्षी जवळ येतात. असा थवा फांद्या ढवळत निघाला की उडणारे किडे कोतवालाला आयते मिळतात. आंबोलीतही त्याच्या मागोमाग सुतार आणि शिपाई बुलबुल त्याच झाडात शिरले. मी त्यांच्याकडे बघेपर्यंत तो पुढच्या झाडावर निघून गेला.

त्या वाटेवर मला डोमकावळ्याचे एक पीस मिळाले. सगळा अंगभर काळा, जाड चोचीचा हा कावळा गावकावळ्यापेक्षा जंगलात जास्त. पीस पंखाचे होते. बसायला एक दगड होता आणि खिशात भिंग. आधी डोळ्यांनी बघितले, तर नुसते काळे. थोडे कलते केले आणि बाहेरच्या अरुंद भागावर जांभळट निळी झाक आली. आतला, दुसऱ्या पिसाखाली झाकला जाणारा रुंद भाग तसाच मंद राहिला. भिंगातून कण्याच्या दोन्ही बाजूंना तंतूंच्या ओळी दिसल्या. बोटाने मधे फट पाडली, मग खालून वर हलकेच कुरवाळले तर फट मिटली. प्रत्येक तंतूवर आणखी बारीक उपतंतू असतात आणि त्यांच्या टोकांचे आकडे शेजारच्या तंतूत अडकतात, म्हणून पीस पुन्हा शिवले जाते.

झाक मात्र भिंगातही पकडता येत नाही. तिचे घर त्याहून फार लहान आहे. उपतंतूवर केराटिनचा पातळ थर असतो आणि त्याखाली मेलॅनिनचे सूक्ष्म कण ओळीने रचलेले असतात. हा थर केसापेक्षा शेकडो पट पातळ. प्रकाश काही वरच्या पृष्ठभागावरून परततो, काही आतून. दोन्ही लाटा एकमेकींत मिसळताना काही रंग वाढतात आणि काही पुसले जातात. साबणाच्या फुग्यावर किंवा ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात ते रंग असेच तयार होतात. आतला काळा मेलॅनिन उरलेला प्रकाश गिळतो, म्हणून झाक उठून दिसते. पांढऱ्या पिसाखाली हाच पातळ थर असला तरी डोळ्यांना तो इतका ठळक दिसला नसता. रॉबर्ट हुक यांनी 1665 मध्ये सूक्ष्मदर्शकातून मोराचे पीस बघितले आणि न्यूटन यांनी 1704 च्या आपल्या प्रकाशशास्त्राच्या ग्रंथात त्या रंगाचा विचार पातळ पापुद्र्यांच्या रंगाबरोबर केला. पिसांच्या रंगाचे कोडे आपल्याकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही पडले होते. नीलकंठ पक्ष्याची पिसे घेऊन त्यांनी 1934 मध्ये पक्ष्यांच्या पिसांतल्या रंगांवर शोधनिबंध लिहिला. नीलकंठाचा निळा आणि कावळ्याची झाक यांची रचना वेगळी, पण निळे रंगद्रव्य दोघांतही नाही.

ही कला किती जुनी, याचा एक पुरावा चीनमधून मिळाला. सुमारे 12 कोटी वर्षांपूर्वीचा, चारही पायांवर पिसे असलेला मायक्रोरॅप्टर नावाचा छोटा डायनासोर. त्याच्या जीवाश्मात टिकून राहिलेल्या मेलॅनिनच्या कणांचा आकार आणि मांडणी 2012 मध्ये तपासली गेली आणि तो चकाकत्या काळ्या रंगाचा होता असे दिसून आले. हातातले पीस मी पुन्हा त्याच वाटेवर पानांत ठेवून दिले. वन्यप्राण्यांचे काही घरी न्यायचे नाही, हा नियम मला पटतो. शिवाय त्या पिसाला झाक दाखवायला ऊन लागते, ते कपाटात मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओढ्याच्या दगडावर एक मोठा काळा पक्षी शेपटी उघडून मिटत उभा होता. पहिली दोन मिनिटे तो काळाच होता. मग सावली हलली आणि कपाळावर, खांद्यावर निळ्या रंगाचे दोन तुकडे पेटले. शीळकरी कस्तूर. पावसाळ्यात त्याची शीळ माणसाने घातल्यासारखी दूरवर जाते. त्या दिवशी त्याने आवाज केला नाही, दगडाखाली चोच घालून काही तरी शोधले आणि पाण्याच्या कडेने पुढे गेला.

घाट उतरून सावंतवाडीला एका ओळखीच्या काकींकडे दुपारी पोहोचले. अंगणात जास्वंदी, परसात आंबा, आणि आंब्यावर बांडगुळाच्या फुललेल्या फांद्या. काकी भाकरी भाजत होत्या. बांडगुळावर दोन चिमुकले काळे पक्षी भिरभिरत होते. सूर्यपक्षी. आता त्यांतला जांभळा कोण आणि लोटेनचा कोण हे ठरवायचे होते. दोघेही सावलीत काळे, दोघेही उन्हात जांभळे-हिरवे. लोटेनच्या सूर्यपक्ष्याचे नाव जोन गिडिऑन लोटेन या डच अधिकाऱ्यावरून पडले, तो 1752 ते 1757 या काळात सिलोनचा गव्हर्नर होता. मला नाव सांगायची घाई झाली होती. काकी चुलीपाशी बसूनच म्हणाल्या, "चोच बघ गो आधी, मगे नाव सांग." ही त्यांची सवय. त्या पक्ष्यांची नावे फारशी सांगत नाहीत, पण लांब चोचीचा आणि आखूड चोचीचा असे दोघांना वेगळे ठेवतात.

दुर्बीण लावली. पहिल्याची चोच लांब आणि कमानीसारखी वाकलेली, पंख तपकिरी, छातीवर रुंद तांबूस पट्टा. तो लोटेनचा. दुसऱ्याची चोच आखूड, जरा सरळ, पट्टा असून नसल्यासारखा आणि पंखही गडद. तो जांभळा. सूर्यपक्ष्यांचे पंख साधे राहतात आणि झाक डोक्या-छातीवरच असते, त्याला कारण आहे. झाक देणारे उपतंतू चपटे आणि पिळलेले असतात, त्यांना आकडे कमी, म्हणून ते पीस हवेला तितके पुरत नाही. उडायच्या पिसांना मजबुती हवी, मिरवायच्या पिसांना झाक. जांभळ्या नराला तर ही झाक वर्षभर मिळतही नाही. विणीचे दिवस संपले की तो मादीसारखा पिवळट होतो, गळ्यावर एक काळी रेघ तेवढी उरते.

काकींनी पदराला हात पुसले आणि अंगणात आल्या. मी त्यांना दुर्बीण दिली. लोटेनचा नर नेमका तेव्हा पानाआड गेला, काळा होऊन. काकी थांबल्या. पक्षी फांदीच्या टोकाला आला, ऊन त्याच्या गळ्यावर पडले आणि तो मान फिरवून फुलात चोच घालू लागला.

"अगो, ह्यो काळो खंयचो? ह्यो जांभळो!" काकी म्हणाल्या, आणि दुर्बीण डोळ्यांवरून न काढताच तव्यावरची भाकरी उलटायला मला आत पाठवले.